अल्झायमरच्या संशोधनाला निधी देताना : कोकणातील मंडळे आणि न्यासांसाठी

मे महिन्यात चाकरमानी गावी आले, की ग्रामस्थ मंडळाच्या सर्वसाधारण सभेत हा विषय हल्ली कोणीतरी काढतोच. कोणाच्या आईला, कोणाच्या काकांना विसर पडू लागून सगळे घर त्यांच्याभोवती फिरू लागलेले असते आणि देवळाच्या सभामंडपाचे काम उरकल्यावर उरलेली रक्कम ‘या आजाराच्या संशोधनाला द्यावी’ अशी सूचना येते. विरोध कोणी करत नाही. परंतु ती रक्कम कोणाला, कोणत्या कामासाठी आणि कोणत्या कागदावर द्यायची हे ठाऊक नसल्याने ठराव इतिवृत्ताच्या वहीतच राहतो. आमच्या मंडळाचा चिटणीस म्हणून मी हे काम एकदा चुकीच्या आणि एकदा बऱ्यापैकी सरळ मार्गाने केले आहे. ज्यांच्या हाती पाच लाखांपासून पन्नास लाखांपर्यंत रक्कम आहे, अशा मंडळांसाठी आणि घराण्यांच्या न्यासांसाठी हे लिहीत आहे.

चुकीचा मार्ग आधी सांगतो. आम्ही एका संस्थेला तीन लाखांचा धनादेश दिला आणि सोबतच्या पत्रात ‘वैद्यकीय संशोधनासाठी’ एवढेच लिहिले. शाल, श्रीफळ, छायाचित्र, आभाराचे पत्र हे सारे यथासांग झाले. दोन वर्षांनी हिशेब मागितला तेव्हा कळले की रक्कम सर्वसाधारण निधीत जमा झाली होती आणि तिचा काही भाग एका परिषदेच्या मांडवावर व जेवणावर खर्च झाला होता. त्यात बेकायदा काही नव्हते, कारण आम्ही काही लिहूनच दिलेले नव्हते.

आपल्या रकमेने काय होते आणि काय होत नाही

औषध शोधणे हे आपले काम नव्हे, हे सभेत पहिल्यांदा स्पष्ट सांगावे. मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड प्रथिनावर काम करणारे लेकानेमॅब हे औषध २०२३ मध्ये आणि डोनानेमॅब २०२४ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. दोन्ही औषधे आजाराचा वेग काही प्रमाणात कमी करतात, गेलेली स्मृती परत आणत नाहीत, आणि त्यांच्यामागे दशकांचे काम आणि अफाट पैसा आहे. आपल्याकडच्या मोठ्या देणग्यांचा आवाकाही पाहून ठेवावा. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत मेंदू संशोधन केंद्र उभे राहिले ते क्रिस आणि सुधा गोपालकृष्णन यांच्या प्रतीक्षा ट्रस्टने दिलेल्या २२५ कोटी रुपयांवर, आणि त्याच संस्थेला टाटा ट्रस्ट्सने २०१४ मध्ये अल्झायमरच्या संशोधनासाठी ७५ कोटी रुपये जाहीर केले. त्या केंद्राने कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपुरा तालुक्यात ४५ वर्षांवरील सुमारे १०,००० ग्रामस्थांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करण्याचे काम हाती घेतले आहे. त्या रकमांपुढे आपले पंधरा लाख म्हणजे समुद्रात ओंजळ.

तरीही ते पंधरा लाख एका ठिकाणी फार उपयोगी पडतात, आणि ते ठिकाण म्हणजे दोन संस्थांमधला सांधा. जिल्ह्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे रुग्ण आणि गावांची ओळख असते. मुंबई, पुणे किंवा बंगळुरूच्या प्रयोगशाळेकडे यंत्रे आणि तज्ज्ञ असतात. दोघांचे पगार आणि उपकरणे शासकीय निधीतून कशीबशी चालतात, परंतु इथला नमुना तिथपर्यंत नेणारा माणूस, इथल्या बोलीत प्रश्नावली बसवणारा माणूस, दोन्हीकडची माहिती एका तक्त्यात नीट मांडणारा माणूस यांच्यासाठी अंदाजपत्रकात बहुधा ओळच नसते. सहकार्याचा करार दोन सह्यांनी होतो. पुढे ते चालते ठेवायला पगार लागतो, आणि तो पगार आपण द्यावा, असे माझे मत आहे.

कोकणात हे काम का व्हावे, याचे उत्तर आकड्यांत आहे. एम्स दिल्ली, अमेरिकेतील विद्यापीठे आणि देशभरातील रुग्णालये यांनी मिळून केलेल्या लासी-डॅड या अभ्यासानुसार भारतात ६० वर्षांवरील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश, ज्याचे सर्वांत मोठे कारण अल्झायमर) आहे. प्रमाण पुरुषांत ५.८ तर स्त्रियांत ९ टक्के, आणि शहरांत ५.३ तर ग्रामीण भागात ८.४ टक्के आहे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, कारण पुरुष मुंबईला. थोडक्यात, गावात राहणारी, वयस्कर, बहुधा एकटी बाई हेच आपल्या वाडीचे चित्र आहे आणि हा आजार नेमका तिथेच अधिक आढळतो.

प्रश्न आपण सुचवावा, उत्तर नव्हे

देणगीदाराने संशोधकाला निष्कर्ष सांगू नये, परंतु कोणता प्रश्न आपल्या गावासाठी महत्त्वाचा आहे हे जरूर सांगावे. आमच्या बाबतीत तो प्रश्न एका संध्याकाळी समोर आला. आमच्या शेजारच्या आजींची स्मरणशक्ती तपासायला एक तरुण डॉक्टर आला होता. त्याने विचारले, ‘‘आज तारीख काय?’’ आजी म्हणाल्या, ‘‘आज संकष्टी मां, चंद्र दिसल्याशिवाय जेवूचा नाय.’’ उत्तर अचूक होते, महिना आणि पक्षसुद्धा त्यांना ठाऊक होता. कागदावर मात्र तारखेच्या चौकटीत शून्य पडले. वजाबाकीच्या प्रश्नालाही शून्यच पडले, आणि त्याच आजी बाजारात काजूबियांचे पैसे मोजताना व्यापाऱ्याला एक रुपया सोडत नव्हत्या.

ही अडचण संशोधकांना नवी नाही. हरियाणातील बल्लभगड आणि अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया यांच्या संयुक्त अभ्यासात शाळेची पायरी न चढलेल्या माणसांसाठी हिंदी चाचणी मुद्दाम वेगळी बांधावी लागली होती. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने अशा चाचण्यांचा जो संच बांधला, तो पहिल्या टप्प्यात हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत आला. मराठी त्यांत नव्हती, मग मालवणी आणि संगमेश्वरी तर दूरच राहिल्या. इथल्या बोलीत चाचणी बसवणे, ती निरोगी आणि आजारी अशा पुरेशा माणसांवर तपासून गुणांची मर्यादा ठरवणे, हे काम दोन विद्यापीठांच्या मानसशास्त्र, भाषा आणि मज्जाविकार विभागांनी मिळून करण्यासारखे आहे. त्याला यंत्रे लागत नाहीत आणि ते आपल्या ऐपतीत बसते.

दुसरा असाच विषय म्हणजे सांभाळणाऱ्यांचा. आपल्या किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला, गोव्यात, ८१ कुटुंबांवर झालेली एक चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. स्थानिक कार्यकर्त्यांना शिकवून घरोघरी पाठवल्यास रुग्ण सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी होतो, असे तिच्यात दिसले. ती ज्या परंपरेतली होती, त्या गटाचे नावच १०/६६ असे आहे. जगातील ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत आणि लोकांत जाऊन केलेल्या संशोधनाचा दहा टक्क्यांहूनही कमी भाग तिथे, ही तक्रार त्या नावात आहे, आणि तो गट १९९८ मध्ये कोचीनला स्थापन झाला.

संस्थांची जोडी शोधणे

एक संस्था जवळची आणि एक दूरची हवी. जवळच्यांत डेरवणचे वालावलकर ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि अलिबाग येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये, पडवे येथील महाविद्यालय आणि बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय यांचा विचार होऊ शकतो. भाषेच्या कामासाठी मुंबई विद्यापीठाचा रत्नागिरी उपपरिसरही आहे. दूरच्या संस्थेत मज्जाविकारशास्त्राचा किंवा मेंदूविज्ञानाचा चालता विभाग असावा. पत्र कुलगुरूंना किंवा अधिष्ठात्यांना लिहिण्याआधी ज्या प्राध्यापकाने प्रत्यक्ष काम करायचे त्याला भेटावे. वरून आलेले काम सरकारी फायलीसारखे चालते.

पहिल्या भेटीत मी तीन गोष्टी विचारतो. या दोन विभागांनी पूर्वी एकत्र एखादा शोधनिबंध प्रसिद्ध केला आहे काय? संस्थेची नीतिमत्ता समिती केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली आहे काय? आणि मुख्य संशोधकाची बदली झाली तर काम कोण पुढे नेणार? तिसऱ्या प्रश्नावर शासकीय महाविद्यालयात सगळे एकमेकांकडे पाहतात, म्हणून सहसंशोधकाचे नाव करारात आधीच घालून घ्यावे. परदेशी विद्यापीठ सहभागी होणार असेल, तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मान्यता लागते आणि तिला वेळ लागतो.

अंदाजपत्रक वाचताना

सर्वांत मोठा खर्च माणसाचा असतो. केंद्र सरकारच्या २०२३ च्या दरांनुसार कनिष्ठ संशोधन छात्राला दरमहा ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनंतर वरिष्ठ छात्र झाल्यावर ४२,००० रुपये, शिवाय घरभाडे. तीन वर्षांचे, घरभाडे सोडून, १३,९२,००० रुपये होतात. म्हणजे पंधरा लाखांच्या आसपास एक चांगला छात्र तीन वर्षे उभा राहतो, आणि दोन्ही संस्थांच्या मार्गदर्शकांकडे आलटून पालटून राहणारा एक छात्र हा माझ्या मते सर्वांत भक्कम सांधा आहे.

रक्ताचे नमुने घ्यायचे असतील तर सावध व्हावे. पी-टाऊ २१७ सारखी प्रथिने रक्तात मोजून आजाराचा अंदाज घेता येऊ लागला आहे, आणि अशा एका रक्तचाचणीला अमेरिकेत मे २०२५ मध्ये मान्यताही मिळाली. परंतु रक्त काढल्यावर काही तासांत सेंट्रिफ्यूज या यंत्रात वेगाने फिरवून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, वेगळा करावा लागतो आणि उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवावा लागतो. जुलै महिन्यात तारेवर फणसाची फांदी पडून दीड दिवस वीज नाही, असे आपल्याकडे किती वेळा होते हे बंगळुरूच्या प्राध्यापकांना ठाऊक नसते. जनरेटर, त्याचे डिझेल, तापमान वाढल्यास फोनवर इशारा देणारे उपकरण आणि दुसऱ्या जागी नमुन्यांचा राखीव अर्धा भाग, हे अंदाजपत्रकात नसेल तर ते आपणच सुचवावे.

वेळापत्रकाचेही तसेच. कागदावर बारा महिने असतात. प्रत्यक्षात वाड्यांवर जाऊन काम होते ते दिवाळीनंतर शिमग्यापर्यंत. पुढे आंबा-काजू, मग पाऊस आणि लावणी, मग गणपती, मग कापणी. घरात कोणी बसून प्रश्नांची उत्तरे देईल, ही अपेक्षा त्या दिवसांत करू नये. त्यामुळे पहिला हप्ता संस्थेच्या खात्यात सप्टेंबरपर्यंत पोहोचला पाहिजे. मार्चअखेर दिलेली रक्कम पावसाळाभर पडून राहते आणि मग घाईने भलत्याच बाबीवर उरकली जाते.

संस्थेचा वरखर्च किती टक्के, हे आधीच ठरवून लिहून घ्यावे. तो शून्य असावा असा हट्ट मात्र धरू नये, कारण लेखापालाला आणि विजेलाही पैसे लागतात. अमेरिकेतील क्युअर अल्झायमर्स फंड ही संस्था देणगीची सर्व रक्कम संशोधनाला देते ती विश्वस्त स्वतःच्या खिशातून कार्यालयीन खर्च भागवतात म्हणून. आपल्या विश्वस्तांना ते जमणार असेल तर उत्तमच.

कागद

मंडळाच्या घटनेत वैद्यकीय साहाय्य किंवा शिक्षण हे उद्दिष्ट आहे का, ते आधी पाहावे. केवळ ‘देवस्थानचे उत्सव व जीर्णोद्धार’ असे असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे जाऊन मार्ग काढावा लागेल, आणि तसे न करता दिलेल्या देणगीबद्दल विश्वस्त व्यक्तिशः अडचणीत येऊ शकतात.

देणगीदार, दोन्ही संस्था आणि दोन्ही मुख्य संशोधक यांच्यात एकच सामंजस्य करार असावा. दोन वेगळे करार केल्यास सांध्याची जबाबदारी कोणाचीच राहत नाही. त्यात कामाचे नाव, माणसे, हप्ते, प्रत्येक हप्त्याआधी लेखापरीक्षकाने सही केलेले उपयोगिता प्रमाणपत्र, न खर्चलेली रक्कम परत करण्याची मुदत, आणि बाबींमध्ये फेरबदल करायचा झाल्यास लेखी संमती, एवढे असलेच पाहिजे. त्याहून महत्त्वाचे कलम माहितीचे आहे. नावे काढून टाकलेली माहिती आणि तयार झालेली चाचणी ठरावीक मुदतीनंतर इतर संशोधकांना मोफत मिळेल, असे लिहून घ्यावे. अमेरिकेत २००४ मध्ये सुरू झालेल्या एडनी या प्रकल्पाने मेंदूच्या प्रतिमा आणि इतर माहिती जगभरच्या संशोधकांना खुली केली आणि त्या माहितीवर हजारो निबंध लिहिले गेले. निष्कर्ष प्रतिकूल आला तरी तो प्रसिद्ध होईल आणि देणगीदाराला प्रसिद्धीपूर्वी मजकुरात बदल सुचवण्याचा अधिकार नसेल, हे आपल्याच विरुद्ध जाणारे कलमही आपणच घालावे.

कराच्या बाबतीत १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू होऊन कलमांचे क्रमांक बदलले आहेत. येथे लोकांच्या तोंडी असलेले जुनेच क्रमांक वापरतो, नवे आपल्या सीएकडून लिहून घ्यावेत. व्यक्तिगत देणगीदाराला देणगीवरची ८०जी कलमाची करसवलत जुन्या करपद्धतीतच मिळते, नव्या पद्धतीत नाही, हे देणगी मागताना प्रामाणिकपणे सांगावे. विद्यापीठाला संशोधनासाठीच्या ३५(१)(ii) या कलमाची मान्यता असेल तर व्यवसाय करणाऱ्याला, तोही जुन्या करपद्धतीत असल्यास, संशोधनासाठी दिलेल्या रकमेची वजावट मिळते. पूर्वी ती दीडपट होती, आता तेवढीच. अशा मान्यताप्राप्त संस्थांना मिळणारे संशोधन अनुदान जीएसटीमधून वगळण्याचा निर्णय जीएसटी परिषदेने सप्टेंबर २०२४ मध्ये घेतला, तेव्हा कोणी १८ टक्के मागू लागल्यास तो दाखवावा. देणगी घेणारी संस्था स्वतः नोंदणीकृत न्यास असेल, तर आपल्या देणगीपैकी ८५ टक्केच आपला खर्च म्हणून धरली जाते आणि कायम निधी म्हणून दिल्यास काहीच धरले जात नाही. ही गोष्ट आमच्या लेखापरीक्षकांनी आम्हाला उशिरा सांगितली.

कुवेत-दुबईतल्या आपल्या माणसांचा पैसा हा नाजूक विषय आहे. भारतीय नागरिकाने बँकेमार्फत पाठवलेली स्वतःची कमाई ही परकीय देणगी ठरत नाही. परंतु ज्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले आहे त्याची, मूळ भारतीयांना मिळणारे ओसीआय कार्ड असले तरी, ठरते, आणि ती परकीय देणगीच्या कायद्याखालील (एफसीआरए) नोंदणीशिवाय घेता येत नाही. नोंदणी असलेल्या न्यासालाही ती रक्कम २०२० च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. त्यामुळे अशा दात्याला सरळ नोंदणीकृत विद्यापीठाचाच पत्ता द्यावा. उलट दिशेनेही अडचण आहे : आपल्या न्यासाने परदेशी विद्यापीठावर खर्च केलेली रक्कम विशेष मान्यतेशिवाय करमुक्त राहत नाही, म्हणून परदेशी भागीदाराने आपला खर्च आपणच आणावा.

लोटे-परशुरामसारख्या औद्योगिक वसाहतीतील एखादा कारखाना सामाजिक दायित्वासाठी (सीएसआर) काढाव्या लागणाऱ्या नफ्याच्या दोन टक्क्यांतून भर घालायला तयार होऊ शकतो, कारण शासकीय विद्यापीठांतील वैद्यकीय संशोधन कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत बसते. कंपनीचे आर्थिक वर्ष आणि आपला शिमगा यांचा मेळ तेवढा आधी बसवावा.

ज्यांच्यावर संशोधन होते ती माणसे

पैसे देणारे आणि ज्यांचे रक्त घेतले जाणार ते एकाच गावचे असले की संमतीचा प्रश्न अवघड होतो. मंडळाच्या अध्यक्षांनी सांगितले म्हणून सगळी वाडी रांगेत उभी राहील, आणि ती संमती नव्हे. म्हणून विश्वस्तांनी घरोघरी फिरू नये, मतदारयादी किंवा मंडळाची वर्गणीदार यादी संशोधकांना देऊ नये, आणि कोण सहभागी झाले हे विचारूही नये. ज्याची समज कमी झाली आहे त्याच्या वतीने कायद्याने मान्य प्रतिनिधीची सही लागते, तरीही रुग्णाने हात मागे घेतला तर तो नकारच समजावा.

जनुकीय तपासणीचा आणखी एक पेच आहे. एपीओई जनुकाचा ई-४ हा प्रकार असल्यास धोका वाढतो, आजार होईलच असे नाही. परंतु तीस घरांची एकच भावकी असलेल्या वाडीत एका माणसाचा निकाल हा साऱ्या भावकीचा निकाल ठरतो आणि लग्ने ठरवताना तो आठवला जातो. असे निकाल व्यक्तिशः कळवणार की नाही, हे संमतिपत्रात आधीच स्पष्ट हवे.

तपासणीत एखाद्याला आजार आढळला तर त्याने कुठे जायचे, याचीही तरतूद देणगीतच करावी. बांबोळी, कोल्हापूर किंवा मुंबईच्या तज्ज्ञाकडे एक फेरी म्हणजे गाडीभाडे आणि सोबत्याची बुडालेली मजुरी. आम्ही त्यासाठी एकूण रकमेच्या पाच टक्के बाजूला ठेवले होते आणि ते पहिल्याच हंगामात संपले, तेव्हा तुम्ही अधिक ठेवावेत.

शेवटच्या वर्षाचा हप्ता देण्याआधी आणखी एक बाब मिटवावी लागते. प्रकल्प संपतो, छात्र प्रबंध सादर करून निघून जातो, आणि फ्रीझरमध्ये काही शे नळ्या उरतात. त्यांचे वीजबिल पुढची दहा वर्षे कोणती संस्था भरणार, त्या दूरच्या प्रयोगशाळेत कायमच्या हलवायच्या की नष्ट करायच्या, आणि ज्यांनी रक्त दिले त्यांनी कशाला संमती दिली होती, या तिन्हींची उत्तरे लेखी आल्याखेरीज आम्ही अखेरचा धनादेश काढला नाही. त्याला चार महिने लागले.